आवाज आला की बटण दाबा

दिवसभर दुसऱ्यांचे कान तपासून स्वतःचे कान किटले की माणसाला काय हवं असतं? शांतता. बस्स. आणि नेमकी ती जिथे भरपूर असते त्या काचेच्या खोलीत पेशंट बसतो, आणि आपण बाहेर यंत्रापाशी.

जांभई मनातल्या मनात असं कुरकुरत यंत्र बंद करायला उठली, तेवढ्यात दारात एक भिजलेली छत्री येऊन उभी राहिली. ह्या कान तपासणाऱ्या मुलीला जांभई हे नाव पडलं ते नंतर, पण आपण आत्तापासूनच म्हणू. छत्री मिटली तेव्हा तिच्यामागे एक माणूस निघाला. तिशी उलटलेला, शर्टाची कॉलर एका बाजूनं आत गेलेली, आणि डोळे असे, की ह्याला आधी झोपेचं औषध द्यावं आणि मग काय झालं ते विचारावं.

"बंद झालं का?" त्यानं विचारलं.

"होत होतं."

"मग जातो."

"आता आलाच आहात तर बसा. छत्री तेवढी बाहेर ठेवा, लादी आत्ताच पुसलीय."

तो निमूटपणे छत्री ठेवून आला. तिनं त्याला काचेच्या खोलीत बसवलं, कानांवर हेडफोन चढवले, हातात बटण दिलं आणि जाड दार लावून बाहेर येऊन बसली. ह्या खोलीत बाहेरचं काही ऐकू जात नाही. तिनं मायक्रोफोन सुरू केला तरच तिचा आवाज आत जातो आणि आतला बाहेर येतो. मधे एक मोठी काच, एवढंच.

"आवाज आला की बटण दाबा," ती रोजच्या चालीत म्हणाली. "कितीही बारीक आला तरी दाबा. नाही आला तर दाबू नका."

"आणि तुमचा आवाज आला की?"

"माझा आवाज तपासणीत धरत नाहीत."

"अरेरे! सगळ्यात छान तोच येतोय."

असल्या माणसांना ती एरवी जागच्या जागी गप्प करत असे. पण त्या दिवशी चिडायलासुद्धा अंगात त्राण नव्हतं, म्हणून ती हसली. थकलेल्या माणसाला हसू लवकर येतं, का ते देव जाणे.

तिनं तपासणी सुरू केली. आधी खालचे सूर, मग हळूहळू वरचे. तिनं कळ दाबली की त्याच्या कानात आवाज, आणि त्यानं बटण दाबलं की तिच्या टेबलावर हिरवा दिवा. आवाज, दिवा. आवाज, दिवा. विणणाऱ्या बाईचा हात चालावा तसा तिचा हात आपोआप चालला होता. मन केव्हाच बसमध्ये जाऊन खिडकीला डोकं टेकून बसलं होतं.

"तुमचे कान शाळकरी पोरासारखे आहेत," बाहेर आल्यावर तिनं त्याला सांगितलं.

एखादा खूश झाला असता. हा नाही झाला. "नक्की?"

"यंत्र तरी तसंच म्हणतंय."

"मग मला नीट ऐकू येत नाही असं लोक का म्हणतात?"

"लक्ष नसेल तुमचं. दमला असाल. दमला की माणूस असाच होतो."

"तुम्हाला कसं माहीत?"

"कारण मघापासून मी तुमचं नाव दोनदा चुकीचं लिहिलंय."

आता मात्र तो हसला. छत्री घेऊन निघाला, आणि दारात वळून म्हणाला, "तुम्हीही झोपा हं जरा." एवढ्यानं काही कोणी प्रेमात पडत नाही. पण बसमध्ये खिडकीला डोकं टेकल्यावर तिला झोप लागली नाही, हे खरं.

जांभई मावशीकडे राहायची. मावशी शाळेतून निवृत्त झालेली, गुडघे गेलेले, जीभ मात्र शाबूत. घरात बसून अंगाला मुंग्या येतात म्हणून ती बायकांच्या एका गाण्याच्या गटात जाऊ लागली होती, आणि आता तिनं भाचीलाही ओढत न्यायचं ठरवलं.

"मावशी, मला गाता कुठे येतं?"

"उभं राहता येतं ना? खालच्या सुरात माणसं कमी पडतायत. उभी राहा."

"अगं, मी दिवसभर..."

"दमलीस का?"

"छे गं, मजेत आहे," जांभई म्हणाली. हे ती रोज म्हणायची. आई गेल्यापासून मावशीनं तिच्यासाठी एवढं केलं होतं की तिच्यासमोर दमण्याचीसुद्धा तिला लाज वाटायची.

तालमीची जागा म्हणजे फर्निचरच्या गोदामावरची लांबट खोली. खाली पॉलिशचा वास, वर बायकांची कलकल. आणि ह्या सगळ्यांसमोर, कॉलर ह्या वेळी दुसऱ्या बाजूनं आत गेलेला, तोच तो छत्रीवाला. बायका त्याला मास्तर म्हणत होत्या.

मास्तरांनी नवीन रचना समजावून सांगायला घेतली. युद्धाच्या काळात एका बंद खिडक्यांच्या घरात काही तरुण मुली कानांवर हेडफोन लावून बसायच्या. शत्रूचे बिनतारी संदेश ऐकायच्या. डि-डा-डि-डा अशी टकटक यायची, ती अक्षरं करून लिहून द्यायच्या. अक्षरांचा अर्थ त्यांना कळायचा नाही, तो लावणारे वेगळे होते. आणि ह्या कामाबद्दल कुणाला म्हणजे कुणालाही सांगायचं नाही, अशी त्यांनी शपथ घेतलेली.

"मग सांगितलं नाही?" कुणीतरी विचारलं.

"नाही. आईला नाही, नवऱ्याला नाही, पोरांना नाही. कित्येकजणी तशाच गेल्या."

"आणि म्हणे बायकांच्या पोटात काही राहत नाही!" मावशी फणकाऱ्यानं म्हणाली आणि सगळ्या हसल्या.

ह्या रचनेत वाद्य एकही नव्हतं. नुसते बायकांचे आवाज. काहीजणी टकटक गाणार, खालच्या सुरातल्या बायका एक लांबलचक सूर धरणार, आणि तो तुटू नये म्हणून शेजारणीनं श्वास घेतला की आपण घ्यायचा नाही, आपण घेतला की तिनं नाही. आणि बरोबर मध्यावर गाणं थांबून कुजबुज होणार.

"ही कुजबुजीची जागा," मास्तर म्हणाले. "इथे शब्द मी दिलेले नाहीत. प्रत्येकीनं अशी एक गोष्ट कुजबुजायची, जी तिनं आजवर कुणालाच सांगितलेली नाही. सगळ्या एकदम कुजबुजल्या की कुणाचंच काही कळणार नाही. लोकांना फक्त रेडिओची खरखर ऐकू येईल."

"आणि तुम्हाला कळलं तर?" मावशीनं भुवई उडवली.

"मलाही नाही ऐकू येणार. शपथ घेतो."

ह्या शपथेनं खोली अशी काही शांत झाली... की त्या शांततेत जांभईला भलीमोठी जांभई आली. अगदी आवाजासकट. तोंडावर हात न्यायलाही वेळ मिळाला नाही.

मास्तरांनी मान वळवली. "ही जांभई कुणाची?"

"माझी," ती म्हणाली. चेहरा लाल.

त्यांनी तिच्याकडे निरखून पाहिलं आणि चेहरा उजळला. "लादी पुसलेली!"

"शाळकरी कान!" ती म्हणाली.

मावशीनं एकदा हिच्याकडे पाहिलं, एकदा मास्तरांकडे, आणि पर्समधून आलेपाकाची वडी काढून तोंडात टाकली. त्या दिवसापासून नाव पडलं ते पडलं.

पहिल्यांदा कुजबुजायची वेळ आली तेव्हा जांभईला काय बोलावं सुचेना. कुणालाच न सांगितलेलं आपल्याकडे आहे काय? मग तोंडातून आपोआप आलं. "मी दमलेय. मी फार दमलेय. मी फार फार दमलेय." आणि आश्चर्य म्हणजे बोलून झाल्यावर तिला बरं वाटलं. एवढ्या बायकांत उभं राहून, कुणालाही न कळता, खरं बोलता येतं!

"पुन्हा एकदा," मास्तर म्हणाले. "ऐकू येत नाहीये. जरा मोठ्यानं."

पुढच्या तालमीला खालच्या सुरांच्या रांगेशेजारी एक खुर्ची ठेवलेली होती. "कुणी दमलं तर बसावं," मास्तर कागद चाळत म्हणाले, कुणाकडेही न बघता. मावशी गुडघे चोळत पुढे झाली, मग काय मनात आलं कोण जाणे, मागे सरली. खुर्ची जांभईला मिळाली.

पाऊस त्या दिवसांत रोजच पिरपिर लागायचा. जोराचा नाही, नुसता कंटाळवाणा. तालीम संपली की मावशी मैत्रिणींबरोबर "आम्ही पुढे होतो गं" म्हणून सटकायची, गुडघे असे असूनसुद्धा. मग मास्तर आणि जांभई एका छत्रीत बसस्टॉपपर्यंत. 'तुम्ही' जाऊन 'तू' कधी आलं हे दोघांनाही सांगता आलं नसतं.

"तुला सगळ्यात जास्त काय आवडतं?" त्यानं विचारलं.

"झोप."

"मलाही! बघ, किती जुळतं आपलं."

"जुळतंय कसलं? दोघंही झोपलो तर जुळलं हे कळणार कुणाला?"

तो हसायचा, आणि ती बोलायला लागली की दिव्याखाली थांबायचा. तिच्याकडे तोंड करून, तिच्या ओठांकडे टक लावून. असं कुणी आजवर बघितलं नव्हतं. तिचे शब्द अडखळायचे. दुसऱ्या दिवशी दुपारच्या सुट्टीत तिनं जाऊन ओठांना लावायचं मलम आणलं, त्यातही गुलाबी छटेचं.

"ओठ फुटलेत का गं?" मावशीनं विचारलं.

"हो ना. हवा किती कोरडी आहे."

"बाहेर पाऊस पडतोय," मावशी म्हणाली.

तालमी मात्र कठीण होत चालल्या. बाकी गाणं छान बसत होतं, अडत होतं ते कुजबुजीत. मास्तरांचं समाधानच होईना. "आणखी. ऐकू येत नाही. पुन्हा एकदा." बायकांच्या घशाला कोरड पडायची. कुजबुज कसली, भर बाजारातला गलका झाला होता. पण मास्तरांसमोर कुणी अवाक्षर काढत नव्हतं, हेही खरं. पाण्याच्या बाटल्या फिरायच्या आणि पुन्हा सगळ्या उभ्या राहायच्या.

आणि जांभईच्या तोंडातलं वाक्य हळूहळू बदलत गेलं. तिनं ठरवून बदललं नाही हो, ते आपलं आपण बदललं. "मी फार दमलेय" होतं, त्याला शेपूट आलं, "पण ह्याच्याबरोबर चालताना दमत नाही." मग एका संध्याकाळी पहिला भाग गळूनच पडला. सगळ्या आपापली गुपितं ओरडून कुजबुजत होत्या, त्या गलक्याच्या आडोशाला उभी राहून ती म्हणाली, "मला हा माणूस आवडतो. मला हा माणूस फार आवडतो."

मास्तरांच्या हातातली पेन्सिल खाली पडली.

"पुन्हा एकदा," ते म्हणाले.

ती पुन्हा म्हणाली.

"पुन्हा... एकदा."

त्या दिवशी त्यांनी कुजबुजीची जागा एवढ्या वेळा घेतली की मावशी शेवटी भिंतीला टेकली. "आज ह्यांना झालंय तरी काय!"

कार्यक्रम जवळ आला तेव्हा मास्तरांनी एका आजींना तालमीला आणलं. त्या बंद खिडक्यांच्या घरातल्यांपैकी ह्या एकच हाताशी लागलेल्या. नव्वदी कधीच ओलांडलेली, अंगावर करड्या रंगाचा स्वेटर, हातात काठी. जांभईनं उठून त्यांना आपली खुर्ची दिली.

आजींनी डोळे मिटून गाणं ऐकलं. टकटक ऐकताना त्यांची बोटं काठीवर हलत होती. मग कुजबुज आली आणि त्यांनी खाडकन डोळे उघडले.

"अगं बायांनो, ही कुजबुज आहे का भांडण? गुपित असं ओरडून सांगतात होय?"

"मोठी वाटते?" मास्तरांनी विचारलं. त्यांना खरंच कळत नव्हतं, हे त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं.

"माझ्या ह्या वयातल्या कानांना मोठी वाटते!"

सगळ्या बायका आपापल्या चपलांकडे बघायला लागल्या. जांभईला मात्र काहीतरी खटकलं. कुजबुजीत असतं काय? स, श, च... नुसती हवा. सगळे वरचे आवाज. ज्याचे वरच्या सुरांचे कान गेलेले असतात त्याला नेमकं हेच ऐकू येत नाही. पण ह्याचे कान तर तिनं स्वतः तपासलेले होते!

विषय बदलावा म्हणून मास्तरांनी आजींना विचारलं, "त्या कामातलं काय आठवतं?"

"हात," आजी म्हणाल्या. "संदेश पाठवणारा माणूस दिसायचा नाही, पण त्याचा हात कळायचा. प्रत्येकाची कळ दाबायची लय वेगळी. एक होता, सकाळी त्याचा हात जड असायचा, संध्याकाळी धावायचा. आवाज खरखरीत बुडाला तरी तो पुढचं टिंब कधी देणार हे मला आधी कळायचं. एवढी सवय झाली होती." त्यांनी काठी दुसऱ्या हातात घेतली. "एक दिवस त्याच्या जागी दुसराच हात आला. मी त्या दिवशी जेवले नाही. शत्रूचा माणूस, त्याचं वाईट वाटलं म्हणून कुणाला सांगणार? घरी विचारलं तर म्हटलं, दमलेय."

सगळ्या गलबलल्या. जांभईच्याही डोळ्यांत पाणी आलं, आणि त्याच क्षणी तिला सगळा उलगडा झाला. आवाज, दिवा. आवाज, दिवा. त्या संध्याकाळी तिचा दमलेला हात एकाच लयीत कळ दाबत राहिला होता. आणि खुर्चीत बसला होता लयीवर जगणारा माणूस. खालचे सूर त्यानं ऐकले, लय पकडली, आणि वरचे सूर ऐकू येईनासे झाल्यावरही तो लयीत बटण दाबत गेला!

कान तपासणाऱ्या नवख्या पोरींना पहिल्या दिवशी सांगतात, एका लयीत दाबू नका. तीच गोष्ट ती विसरली होती.

बसस्टॉपवर तिनं ओढणी तोंडासमोर धरली आणि म्हटलं, "बस सुटली."

"काय?"

"बस सुटली, म्हटलं."

"ओढणी काढ ना तोंडावरून," तो म्हणाला, आणि म्हटल्याबरोबर त्याच्याही लक्षात आलं. छत्री त्याच्या हातात एकीकडे कलली. तिचा एक खांदा भिजायला लागला.

"फसवलंस मला," ती म्हणाली.

"फसवायला नव्हतो आलो. वरचं काही येईना तेव्हा घाबरलो. तुझा हात कळत होता, दाबत गेलो. शंका येऊ नये म्हणून मधून मधून सोडलंही." त्यानं मान खाली घातली. "तू म्हणालीस कान चांगले आहेत. मला तेच ऐकायचं होतं."

"किती दिवसांपासून आहे हे?"

"कॉलेजात असल्यापासून वर्षानुवर्षं ड्रमवाल्याच्या शेजारी उभा राहून वाजवलंय. तेव्हापासून थोडं थोडं असेल."

"उद्या ये. पुन्हा तपासते. कानाला यंत्र लावलं की बरंच ऐकू येईल तुला."

"कार्यक्रमानंतर बघू."

"कार्यक्रमात बायका ओरडतील आणि लोक हसतील! त्या आजींसमोर हसतील."

"आणि आधी कळलं तर?" त्याचा आवाज चिरकला. "ऐकू न येणाऱ्या माणसाच्या हाती गाणं कोण देईल? एवढी वर्षं मरमर करून उभं केलंय ते, दुसऱ्या कुणाच्या तरी स्वाधीन करतील. दमलोय गं मी. एवढं एक होऊ दे."

तिला एकच प्रश्न विचारायचा होता, आणि तो कानाबद्दलचा नव्हता.

"म्हणून माझ्या ओठांकडे बघायचास? शब्द वाचायला?"

त्यानं कललेली छत्री सरळ केली. "हो," म्हणाला. "पण..."

"मला वाटलं..."

"काय वाटलं?"

"काही नाही," ती म्हणाली आणि आलेल्या बसमध्ये चढली. नंबर बघायचंही सुचलं नाही, पुढच्या चौकात उतरावं लागलं. गुलाबी मलम पर्सच्या तळाशी गेलं.

त्यानंतर ती तालमीला गेली नाही. मावशीला म्हणाली, काम आहे. पेशंटचं पेशंटपाशी, हा तिच्या कामाचा नियमच होता, त्यामुळे कुणाजवळ बोलायची सोय नव्हती. मनाचं तर त्याहून नाही. दिवसभर ती कळ दाबायची, आता मोडूनतोडून, कधी लवकर, कधी थांबून, आणि दिवा लागला की तिला उगाच वाईट वाटायचं.

"तुझी खुर्ची आहे तिथेच आहे," मावशी एकदा म्हणाली. "कुणी बसत नाही तिच्यावर."

"दमलेय गं मावशी," जांभई म्हणाली. खोटं नाही, रोजचं 'मजेत आहे' नाही. पहिल्यांदाच म्हणाली.

मावशीनं तिचं डोकं मांडीवर घेतलं. "अगं वेडे, हे सांगायला एवढी वर्षं लागली होय तुला?"

आणि मग एका संध्याकाळी, ती यंत्र बंद करायला उठली आणि दारात भिजलेली छत्री येऊन उभी राहिली.

"बंद झालं का?"

"होत होतं," ती म्हणाली.

"सगळ्यांना सांगून आलोय," तो म्हणाला. छत्री त्यानं न सांगता बाहेर ठेवली. "तालमीत सगळ्यांना गोल बसवलं आणि सांगितलं, मला वरचं ऐकू येत नाही. माझ्या जागी दुसरं कुणी हवं असेल तर आणा."

"मग?"

"तुझी मावशी म्हणाली, एवढंच ना? आम्हाला वाटलं लग्न ठरलं म्हणून बोलावलंत."

जांभईला हसावं का रडावं कळेना.

"सगळ्यांना केव्हाच ठाऊक होतं गं! दुसऱ्या-तिसऱ्या तालमीपासून. एकीनंही ब्र काढला नाही. मुद्दाम मोठ्यानं कुजबुजत होत्या, माझ्यासाठी. घसे बसवून घेतले." त्यानं तळव्यानं डोळे पुसले. "आता ठरलंय, समोर मीच उभा राहणार. कुजबुज लहान की मोठी ते तुझी मावशी बोटानं दाखवणार. आजीही येणार आहेत. राहिली एकच गोष्ट. खरा निकाल हवाय. तुझ्याच हातचा."

तिनं त्याला आत बसवलं. हेडफोन चढवताना बोटं त्याच्या केसांना लागली, तिनं पटकन काढून घेतली. जाड दार लावलं.

"आवाज आला की बटण दाबा," ती मायक्रोफोनमध्ये म्हणाली. "आणि ह्या वेळी आवाज आला तरच."

"डोळेही मिटतो. तुझा हात दिसायला नको."

तिनं सुरुवात केली. ह्या वेळी लय नाही. एक आवाज, लांब थांबा, दोन पाठोपाठ, मग पुन्हा काहीच नाही. खालच्या सुरांना दिवा लागत गेला. मधल्यांना उशिरा लागला. आणि मग वरचे सुरू झाले, आणि दिवा लागायचा थांबला. तिनं आवाज वाढवला. दिवा नाही. आणखी वाढवला. काचेपलीकडे तो डोळे मिटून, कपाळाला आठ्या घालून बसला होता, खोल विहिरीत काहीतरी पडल्याचा आवाज येईल म्हणून कान लावून बसावं तसा. तिला भडभडून आलं. पण हात थांबवून चालत नाही, म्हणून ती दाबत राहिली, शेवटच्या सुरापर्यंत.

झालं. तिनं मायक्रोफोन बंद केला. आता दार उघडायचं आणि निकाल सांगायचा. पण उठवेना. रडायचंही होतं थोडं, आणि इथे ऐकणारं कोणी नव्हतं.

"यंत्र लावलंस की येईल ऐकू तुला," ती स्वतःशीच पुटपुटली. "कुजबुजसुद्धा येईल. मग माझ्या ओठांकडे बघायची गरजच नाही उरणार. आणि मी मात्र इथे बसेन... कारण मला अजून आवडतोस तू. फार आवडतोस. काय करू?"

हिरवा दिवा लागला.

अंगठा सरकला असेल, तिला वाटलं. मायक्रोफोन पाहिला. बंदच होता. मग तिनं मान वर केली.

त्याचे डोळे उघडे होते. काचेतून तो तिच्याकडे बघत होता. तिच्या ओठांकडे.

"कळलं तुला?" ती म्हणाली, आवाज न काढता.

दिवा लागला.

तिचे कान तापले. "आणि... कुजबुजीच्या जागेतलं?"

दिवा.

"पहिल्यापासून?"

दिवा. चांगला लांबलचक.

खुर्ची! पेन्सिल! आणि ते मेलं 'पुन्हा एकदा, पुन्हा एकदा'! बिचाऱ्या बायकांचे घसे सुकले, मावशी भिंतीला टेकली, आणि हा गृहस्थ समोर उभा राहून... तिनं मायक्रोफोनचं बटण जवळजवळ ठोकलंच. "तू शपथ घेतली होतीस!"

"मोडली," आतून त्याचा आवाज आला. "रोज मोडली. ओठ वाचायला शिकलो ते शब्द कळावेत म्हणून, हे खरं आहे. त्या दिवशी बसस्टॉपवर म्हणूनच 'हो' म्हणालो. पण तू 'काही नाही' म्हणून बसमध्ये चढलीस, पुढचं ऐकलंच नाहीस."

"काय होतं पुढचं?"

"तू बोलायची थांबलीस की शब्द संपायचे. माझं बघणं संपायचं नाही."

बाहेर पाऊस तसाच पिरपिर लागलेला होता. पुसलेल्या लादीवर त्याच्या बुटांचे ओले ठसे उमटले होते आणि ते पुन्हा पुसावे लागणार होते. तिला त्याचं काहीच वाटलं नाही.

"माझं सगळं बोलून झालं," ती म्हणाली. "एवढ्या बायकांत उभी राहून बोलले. आता तुझी पाळी."

तो हसला. मग मायक्रोफोनकडे बोट दाखवून त्यानं बंद करायची खूण केली. तिनं केला. खोलीतला आवाज गेला. काचेपलीकडे त्याचे ओठ हलले, सावकाश, एकेक शब्द नीट सोडवत.

तिनं जन्मभर कानांचंच काम केलेलं. ओठ वाचायची तिला सवय नव्हती. पण हे काही अवघड नव्हतं. पहिल्याच वेळी तिला स्वच्छ कळलं.

तिनं मायक्रोफोन सुरू केला.

"पुन्हा एकदा," ती म्हणाली.